तिसरा हात

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दादाने सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं, तेव्हाच आत्याने, त्याच्या बहिणीने, ओळखलं की आज कुणाला तरी समजावायचं ठरलं आहे. या घरात समजावायचं म्हणजे एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. दुकानाच्या वाटणीच्या वेळी तसंच झालं, धाकट्या भावाने रंगाचा धंदा सोडून नोकरी धरली तेव्हाही तसंच. दादा मधोमध बसायचा, डब्यात काडी फिरवावी तसं हवेत बोट फिरवायचा, आणि घटकाभरात सगळ्या घराचा एकच रंग होऊन जायचा.

आज त्या रंगात मिसळत नव्हती ती ठिपकी. धाकट्याची लेक, तेवीस वर्षांची. गालावरच्या तिळामुळे पाळण्यात पडलेलं हे नाव आता तिला नव्याने शोभायला लागलं होतं, कारण ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठिपकेच बघत असायची. जुन्या इमारती जपण्याच्या शास्त्राची एक प्रयोगशाळा होती, तिथे ती सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला लागली होती. तिघांना घेतलं होतं, येत्या शुक्रवारी मुदत संपली की ठेवणार होते एकालाच. आणि तपासायला तिच्या वाट्याला आलं होतं तारघराचं छत. चौकातल्या जुन्या तारघराचा मोठा दिवाणखाना, त्याचं लाकडी निळं छत. एक समिती तारघराची डागडुजी करून ते पुन्हा उघडणार होती. शेहेचाळीस वर्षांपूर्वी ते याच घराने रंगवलं होतं.

"मंगळवारी अहवाल द्यायचाय," ठिपकी म्हणाली. "आज रविवार. काका, तुम्ही एकदा आठवून बघा, एवढंच म्हणतेय मी."

"आठवायचं काय त्यात?" दादाचा आवाज शांत होता, आणि तो शांत असला की घर जरा जास्तच दबकायचं. "बाबा पाठीच्या दुखण्याने अंथरुणावर होते. काम मी अंगावर घेतलं. तीन हात दिले, लागोपाठ, अकरा दिवसांत. तारघर समितीने विचारलं, मी लिहून दिलं. खाली सही केली."

रंगाऱ्यांच्या बोलीत रंग एकदा लावला की एक हात. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसऱ्याने रंग दिसायला लागतो, टिकायचं काम तिसऱ्याचं, असं बाबा ज्याला त्याला सांगायचे. दुसरे रंगारी दोन हातांत उरकायचे. या घराने कधी उरकलं नाही. खालच्या पाटीवर अजून लिहिलेलं होतं, तीन हातांची खात्री. गावात लोक त्यांना आडनावाने हाक मारत नसत, तीनहाते म्हणत.

ठिपकीने पिशवीतून एक मोठा फोटो काढला आणि टेबलावर, चहाच्या कपांच्या मध्ये ठेवला.

"हा रंगाचा कण आहे. खसखशीच्या दाण्याएवढा. पारदर्शक राळेत बसवला, एका बाजूने घासून गुळगुळीत केला आणि आडवा बघितला. खाली लाकूड. त्यावर पांढरं अस्तर. मग निळा, एक हात. निळा, दुसरा हात."

घडी घातलेल्या चादरींची थप्पी असावी तसे थर होते. भावजयीने, ठिपकीच्या आईने, वाकून बघितलं. "अगंबाई, छानच दिसतंय. पडद्याला काढून घ्यावं असं."

"आणि आता ही रेघ बघ आई. काळी."

"ही कसली?"

"धूळ. काजळी. चौकातला धूर. दुसरा हात दिल्यावर छत तसंच पडून होतं, काही महिने तरी. मग त्या धुळीवर तिसरा हात दिलाय. लागोपाठ दिला असता तर मध्ये ही रेघ आलीच नसती."

आत्या खिडकीशी बसून पडद्याची किनार दुमडत होती. तिची सुई थांबली. तिने मान वर केली नाही, पण त्या काळ्या रेघेकडे न बघताही ती तिला दिसत होती. कडेपासून कडेपर्यंत, सगळीच्या सगळी.

"म्हणजे मी खोटं लिहिलं?" दादा म्हणाला.

"मी असं नाही म्हणाले, काका."

"मग काय म्हणालीस?"

"मी काहीच म्हणाले नाही. प्रयोगशाळेतल्या आमच्या बाई म्हणाल्या. त्या म्हणाल्या, ज्याने रंग दिला त्या माणसाने सहीनिशी सांगितलंय, आणि तू शिकाऊ आहेस. दोन्ही खरं असू शकत नाही. तुझ्याच हातून नमुने मिसळले असतील. त्यांना तसं वाटायला कारणही आहे. तिसऱ्या हातातला निळा खालच्यासारखा नाहीच. मी आम्लाचा थेंब टाकला तर वरचा निळा जवळजवळ उडून गेला, खालचा जागचा हलला नाही. एकाच कामात दोन निळे कसे येतील? त्यांनी दोन वाटा दिल्यात. एक तर हे कसं झालं ते पुराव्यासकट मांड, नाही तर नमुना तयार करताना चूक झाली असं लिहून दे."

"मग लिही की," भावजय म्हणाली. "चूक झाली म्हणायला काय लागतं? मी रोज दहा चुका करते, मला कुणी अहवाल मागत नाही."

"आई, तुझ्या चुका आम्ही मुकाट्याने गिळतो. तिथे नाही गिळत कुणी."

धाकटा हसला आणि बायकोने बघितल्यावर गप्प झाला. मग घसा साफ करत म्हणाला, "मला वाटतं, दादाचंही बरोबर असेल आणि हिचंही बरोबर असेल."

"तू जरा एका जागी थांबशील का?" भावजय म्हणाली. "पंख्यासारखा दोन्हीकडे वारा घालतोयस मघापासून."

"मी चार कण घेतले, चार ठिकाणचे," ठिपकी म्हणाली. तिचे शब्द एकेक करून पाय रोवत येत होते. "चारही तसेच निघाले. चूक झाली असती तर मी पहिल्या दिवशी लिहून दिली असती. न झालेली चूक लिहून दिली, तर ती नोकरी गेलीच. पण नोकरी गेली तर एक वेळ चालेल. उद्या कुठल्याही इमारतीत मी काही बघितलं, तर मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा राहील का?"

दादाने बोट फिरवायला घेतलं.

"हे बघ बाळा. उद्घाटनाला समितीने मला पहिल्या रांगेत बसायला बोलावलंय. छत रंगवणारा कारागीर म्हणून. माझं सोडून दे, बाबांचं नाव आहे त्यात. एका काळ्या रेघेसाठी तू आजोबांच्या नावाला काळं फासणार? नोकऱ्या काय, शंभर मिळतील."

भावजयीने मान डोलवली. धाकट्याने अर्धी डोलवली. घराचा रंग व्हायला लागला होता.

आत्याने सुई कापडात टोचून ठेवली.

काय काय होतं तिच्या मनात! नवरा गेल्यावर याच दादाने तिला दुकानामागची खोली दिली होती, कुणाला न विचारता, न बोलून दाखवता. शिवणाचं यंत्र स्वतः खांद्यावरून आणून ठेवलं होतं. वीस वर्षं त्याच्या छपराखाली तिची सुई चालली. आणि त्याआधीचं, त्याच्याही आधीचं एक छप्पर होतं, ज्याच्याबद्दल ती आणि दादा एक अवाक्षर बोलले नव्हते. न बोलण्याचाही एक थर असतो. वर्षावर वर्ष चढतं, आणि मग खाली काय आहे ते ज्याने लावलं त्यालाच ठाऊक. ती गप्प राहिली, कारण बाबा होते. मग बाबा गेले, आणि गप्प राहायची सवय लागून गेली होती. पण समोर ही पोर उभी होती, खरं बोलून खोटी ठरायला निघालेली.

"नीळ आहे ती," आत्या म्हणाली.

"काय?" ठिपकी वळली.

"तिसऱ्या हातात. कपड्यांची नीळ. पांढऱ्या कपड्यांना घालतात ती, पुडीतली."

ठिपकीने पिशवीत घालायला उचललेला फोटो हळूच परत टेबलावर टेकवला. "आत्या," ती म्हणाली, "नीळ आहे हे मी या घरात कुणालाच सांगितलेलं नाही. दुसरा निळा आहे एवढंच बोलले. प्रयोगशाळेतसुद्धा फक्त बाईंना माहीत आहे. तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? मीच घातली."

दादाचं बोट हवेतच थांबलं.

"दोन हात देऊन दादा गेला," आत्याने सांगायला घेतलं. ती दादाकडे बघत नव्हती, कापडाच्या दुमडीकडे बघत होती. "नाटक कंपनी आली होती गावात. त्यांना मागचे पडदे रंगवायला माणूस हवा होता. बावीस वर्षांचा होता हा, डोळ्यांत नुसते डोंगर आणि राजवाडे. पहाटे चिठ्ठी ठेवून गेला. आईने चिठ्ठी चुलीत घातली. बाबा अंथरुणावरून रोज विचारायचे, तिसरा हात सुरू झाला का? आणि आम्ही दोघी रोज म्हणायचो, चाललंय. एक महिना चाललंय, दोन महिने चाललंय. तारघरवाले निरोपावर निरोप पाठवायला लागले. पाचव्या महिन्यात मी डबा भरला आणि गेले. पहारेकऱ्याला म्हटलं, भावाचा डबा आणलाय. नऊ दिवस रोज दुपारी भावाचा डबा घेऊन गेले, आणि वर पहाडावर, बल्ल्यांच्या परांचीवर, बसून मीच खाल्ला."

"ताई!" भावजय एकदम पुढे सरकली. "तुम्ही? एकट्या? त्या उंचीवर?"

"उंचीचं काही नाही गं, खाली बघायचं नाही एवढंच. पंचाईत रंगाची झाली. दादाने ठेवलेला रंग पुरेना. तेल घालून वाढवला तर फिक्का पडला. मग घरातली नीळ नेली. बाबांच्या दगडावर तेलात घोटली, डब्यातल्याशी मिसळली. बारा पुड्या. आई म्हणायची, नीळ जाते कुठे? त्या महिन्यात बाबांच्या चादरी पिवळट राहिल्या. पडल्या पडल्या तेवढंच दिसायचं बिचाऱ्यांना, म्हणायचे, घरात काहीतरी बिघडलंय."

ठिपकी हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते, आणि तिला दोन्हीची शुद्ध नव्हती.

"महिन्याने हा आला," आत्या म्हणाली. "काम झालेलं होतं. बाबा काठी टेकत तारघरात जाऊन आले, आणि घरी येऊन याच्या पाठीवर थाप मारली. हा माझ्याकडे बघत राहिला. मीच मानेने नको म्हटलं. मुलगी पहाडावर चढली हे कळलं असतं तर बाबा तिथेच कोसळले असते."

खोलीत आता सगळे दादाकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे फिरवायला बोट नव्हतं.

"शेहेचाळीस वर्षांनी हे काढायचं?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर?"

"तुझ्यावर ठेवलाच ना, इतकी वर्षं."

दादा उठला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग खाली डबे सरकवल्याचा आवाज आला. उगाचच, इकडचे तिकडे.

"भाऊजींना लागलं असेल," धाकटा म्हणायच्या आत त्याची बायकोच म्हणाली, आणि पुढच्याच श्वासात, "लागू दे. ताई, उद्या मी येते तुमच्याबरोबर. त्या बाईंना मी सांगते."

"तू नको सांगूस," ठिपकी घाईने म्हणाली. "आई, नुसत्या सांगण्याने भागणार नाही. काकांचा शब्द आणि आत्याचा शब्द, दोन शब्द समोरासमोर. नीळ आत्याने ओळखली, पण बाई म्हणतील, घरात मीच बोलून गेले असेन. मला दिसेल असं काहीतरी हवं. आत्या, आठव. असं काही, जे फक्त तू केलंस."

आत्या विचारात पडली. मग जरा ओशाळून म्हणाली, "केलं नाही असं एक आहे."

"म्हणजे?"

"शेवटच्या दिवशी रंग संपला. पूर्वेच्या खिडकीवर, कोपऱ्यात, हातभर जागा राहिली. नीळही संपली होती. ब्रश कोरडा होईपर्यंत ओढला, आणि उतरले. बाबा बघायला गेले तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. पण त्यांची मान तेवढी वर होत नव्हती."

ठिपकी तिच्याजवळ आली. मग तिने आत्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आत्या, हे आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलंस. पूर्ण केलं नाहीस ते."

सोमवारी सकाळी तारघरात लोखंडी पहाड उभा होता, वरपर्यंत जाणारा अरुंद जिना होता, आणि जिन्याच्या तोंडाशी प्रयोगशाळेतल्या बाई उभ्या होत्या. कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला लटकणारं भिंग, आणि वाक्य संपेपर्यंत पापणी न हलवायची सवय.

"पासष्ट वर्षांच्या बाईंना मी वर जाऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. "जागा इथूनच दाखवा."

"इथून कशी दाखवू? इथून सगळं काळंच आहे," आत्या म्हणाली. "मी गेले तेव्हा दोरीने बांधलेल्या बल्ल्या होत्या. तुमचा तर जिना आहे. कठडासुद्धा आहे. टोपी द्या ती."

भावजयीने टोपीचा पट्टा तिच्या हनुवटीखाली अडकवला, जरा जास्तच घट्ट. बाईंनी ठिपकीकडे बघितलं. ठिपकी म्हणाली, "मी पाठीमागे असते, मॅडम. एकेक पायरी." बाईंची पापणी हलली. त्या बाजूला झाल्या.

अर्ध्या जिन्यावर आत्या दम घ्यायला थांबली, आणि तिथून तिला दिवाणखान्याच्या दारातून दादा आत येताना दिसला. इस्त्रीचा सदरा, हातात घडी घातलेला कागद. तो कुणाशी बोलला नाही. सरळ बाईंकडे गेला, म्हणाला, "आधीचं पत्र परत द्या. हे ठेवा," आणि कागद पुढे केला. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या वाचला. दादा भिंतीकडे बघत राहिला. वर अजून काहीच सापडलेलं नव्हतं. कदाचित म्हणूनच तो एवढ्या सकाळी आला होता.

आत्या काही न बोलता पुढची पायरी चढली.

वर छत हाताला लागत होतं. इतक्या वर्षांची काजळी, मेणचट, काळीशार. निळं असं कुठे काही नाही. पण तिच्या हाताला वाट ठाऊक होती. खिडकीच्या चौकटीपासून फळ्या मोजत गेली. पाच, सहा, सात. सातव्या फळीची गाठ बोटाला लागली.

"इथे."

ठिपकीने काडीला कापूस गुंडाळला, आणि जिभेवर ओला केला.

"हे काय गं? थुंकी?"

"सगळ्यात सौम्य औषध आहे हे, आत्या. जगभरच्या प्रयोगशाळांत चालतं."

"बघ. आणि आम्हाला लहानपणी मार पडायचा."

कापूस फिरत राहिला, काळा झाला, बदलला, पुन्हा फिरला. हळूहळू टीचभर जागा उघडी पडली. डावीकडे नितळ, उजळ निळा. उजवीकडे गडद, जरा हिरवट, जुना निळा. आणि दोघांच्या मध्ये सरळ कड नव्हती. कोरड्या ब्रशचे पाच-सहा ओरखडे होते, विरत विरत गेलेले. हात पुढे जाऊ बघतोय आणि रंग येत नाहीये, असे.

आत्याने तोंडावर हात ठेवला. एकोणीस वर्षांच्या मुलीचा दमलेला हात तिथे तसाच थांबलेला होता.

बाई कधी वर आल्या ते कळलं नाही. त्यांनी भिंग लावलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग बराच वेळ त्या ओरखड्यांवर.

"दोन्ही बाजूंनी एकेक कण घे," बाई म्हणाल्या. "पाचवा आणि सहावा नमुना. चूक हा शब्द अहवालात कुठेही येता कामा नये." मग जिन्याकडे वळताना, जणू सहजच, "मंगळवारी नको, गुरुवारी दे. नीट कर. शुक्रवारनंतरही तू इथेच आहेस, घाई कशाला?"

ठिपकीने कठडा घट्ट धरला. थोड्या वेळाने तिने कण काढायचं पातं हातात घेतलं, आणि ते अजिबात हललं नाही.

"मॅडम," आत्या म्हणाली, "आता छत पुन्हा रंगवाल, तेव्हा हा कोपरा तेवढा भरून घ्या. मला लाज वाटते."

"रंगवू, सगळं रंगवू," बाई म्हणाल्या. "हा कोपरा सोडून. हा असाच राहील. खाली पाटी लावू."

खालून दादाची हाक आली. आवाज दिवाणखान्यात घुमला, आणि त्यात रुबाब नव्हता, नुसती विचारणा होती. "काय दिसतंय गं?"

आत्या कठड्यावरून वाकली. इतक्या उंचीवरून तो लहानसा दिसत होता, मान वर करून, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून. तिने पुन्हा छताकडे बघितलं, त्या उजव्या बाजूकडे, जिथे तिच्या निळ्याचं पांघरूण नव्हतं, नुसते त्याचे दोन हात होते. कुठे पोपडा नव्हता, कुठे चीर नव्हती.

"तुझं काम दिसतंय," ती वरून ओरडली. "एकसारखं बसलंय, दादा. लाकडाला धरून आहे अजून."